पिवळा धोतरा: नावं फसवतात, चीक फसवत नाही



दिवाळी झाली, रब्बीच्या पेरण्या उरकल्या की पडीक रानात, कॅनॉलच्या भरावावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्याच्या आसपास एक काटेरी रोप जमिनीला चिकटून दिसायला लागतं. आधी नुसता पानांचा गोल चक्राकार पसारा. पानं निळसर हिरवी, त्यावर पांढऱ्या रेघा, कडेला काटे. पौष-माघात ते उभं राहतं आणि त्याला पिवळंधमक फूल येतं. आमच्या सोलापूरकडं कुणी त्याला पिवळा धोतरा म्हणतं, कुणी काटेधोतरा. जुन्या माणसांच्या तोंडी फिरंगी धोतरा किंवा नुसतं बिलायत.

तण म्हणून आपण त्याला फार किंमत देत नाही. हराळी, लव्हाळा, गाजरगवत हे खरे वैरी, हा आपला बांधावर उभा असतो, असू दे. पण या झाडाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं की याची ओळख चुकण्याची गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे. विलायतेतल्या पंडितांची चुकली, आपल्याकडं जुन्या ग्रंथांतली नावं लावणाऱ्यांची चुकली, आणि दाणे विकणाऱ्या-गाळणाऱ्यांची चुकली. पहिल्या दोघांच्या चुकीनं फक्त नावांचा गोंधळ झाला. तिसऱ्या चुकीनं माणसं मेली. म्हणून आजची नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

काटे आहेत म्हणून करडईच्या गोतातलं?

इंग्रजीत काटेरी पानांच्या एका मोठ्या गोताला थिसल म्हणतात. शब्द परका वाटला तरी हे गोत आपल्याला चांगलं ओळखीचं आहे, कारण आपली करडई त्यातलीच. ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे तास घालायचे, म्हणजे जनावर आत तोंड घालत नाही, ही आपल्या बापजाद्यांची पद्धत. या गोतातल्याच झाडाचं त्यांनी कुंपण केलं आणि वर त्याचं तेलही काढलं. माळावर पांढरट निळ्या चेंडूसारखी फुलं येणारी उटकटारी, जिला काही ठिकाणी काटेचेंडू म्हणतात, तीही त्याच गोतातली. आणि डोंगरउतारावरची ब्रह्मदंडी, अंगानं गुळगुळीत असली तरी कूळ तेच.

या गोताची खूण एकच धरा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतं. करडईचं बोंड उकलून बघा, आत कितीतरी बारीक नळीसारखी फुलं एकत्र बसलेली असतात. काटेरी वाटीत फुलांची सगळी जत्रा भरलेली. प्रत्येक बारीक फुलाखाली एक दाणा. झेंडू, सूर्यफूल यांच्या मोठ्या घराण्यातली ही चाल.

आता पिवळ्या धोतऱ्याचं फूल बघा. पाकळ्या मोकळ्या, पातळ, कागदासारख्या, बहुधा सहा. मधे पिवळ्या केसरांचा झुबका आणि अगदी मध्यावर लालसर काळपट टोपी. हे एकच फूल आहे. म्हणजे पानावरून करडईचा चुलत भाऊ वाटणारं हे झाड फुलावरून त्या घरचं नाहीच. पण पान आधी दिसतं आणि फूल नंतर येतं, त्यामुळं माणूस पानावरच निकाल देऊन मोकळा होतो. पहिली चूक अशीच झाली.

मेक्सिकोतून लंडनला

या झाडाचं मूळ गाव मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा मुलुख. तिथले नाहुआ लोक त्याला चिकालोत्ल म्हणत, आजही मेक्सिकोत चिकालोते हे नाव चालतं. ते लोक त्याला औषधात वापरत आणि झाड नीट ओळखत. स्पॅनिश लोक तिथं पोचले तेव्हा त्यांनी काटे बघितले आणि आपल्या ओळखीच्या नावांत त्याला बसवलं. एक नाव दिलं कार्दो सांतो, म्हणजे पवित्र थिसल. दुसरं नाव दिलं नरकातलं अंजीर, कारण फळ अंजिराएवढं पण सगळं काट्यांनी भरलेलं. एकाच झाडाला एक नाव देवाघरचं आणि एक नरकातलं!

जहाजांतून बिया युरोपात गेल्या. लंडनमध्ये जॉन जेरार्ड नावाचा शल्यवैद्य होता, बागेचा शौकीन. 1597 मध्ये त्यानं वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात हे झाड पेरू देशाचं सोनेरी थिसल म्हणून आलं आहे. वेस्ट इंडीजच्या एका बेटावरून एका मित्रानं त्याला बी आणून दिलं होतं. म्हणजे झाड पेरू देशाचं नाही आणि थिसलही नाही. नावात सोनेरी तेवढं खरं.

पुढं 1623 मध्ये बाझल शहरातल्या कास्पार बाउहिन या वैद्यानं आपल्या ग्रंथात त्याला काटेरी अफू अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. ही ओळख मात्र बरोबर निघाली. बाउहिनच्या काळात वनस्पतींची कुळं अजून पक्की ठरलेली नव्हती, पण काट्यांच्या पलीकडं बघितलं की अफू दिसतेच. आपण खसखशीचं बोंड घरात बघितलेलं असतं. त्याच्या डोक्यावर चकतीसारखी टोपी असते आणि आत बारीक दाण्यांची गर्दी. पिवळ्या धोतऱ्याच्या बोंडाच्या डोक्यावरही तशीच छोटी टोपी राहते आणि आत दाण्यांची तशीच गर्दी. अफूला चीर दिली की चीक येतो, इथंही येतो. फरक रंगाचा. अफूचा चीक पांढरा, याचा पिवळा.

1753 मध्ये स्वीडनच्या लिनिअसनं त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं, आर्जेमोनी मेक्सिकाना. मेक्सिकाना म्हणजे मेक्सिकोचं, ते सरळ आहे. आर्जेमोनी हा शब्द मात्र जुन्या ग्रीक वैद्यकातला. ग्रीकमध्ये आर्जेमा म्हणजे डोळ्यातला पांढरा ठिपका, आपण ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो तो. त्यावर ग्रीक वैद्य एक अफूसारखं झाड वापरायचे, त्याचं नाव आर्जेमोनी. ते नाव उचलून अमेरिकेतल्या या झाडाला चिकटवलं गेलं. हे लक्षात ठेवा, डोळ्याचा विषय पुढं परत येणार आहे.

फिरंगी आपल्या बांधावर

मिरची, भुईमूग, सीताफळ, पेरू, पपई, ही सगळी अमेरिकेची मंडळी युरोपी जहाजांच्या काळात आपल्याकडं आली आणि घरची झाली. मिरचीशिवाय आपला ठेचा नाही आणि शेंगदाण्याशिवाय चटणी नाही. त्याच मुलखातून हे काटेरी पाहुणंही आलं. पण मिरचीला आपण रान दिलं, पाणी दिलं. याला कुणी काही दिलं नाही, यानं पडीक जमीन आपली आपण घेतली. जनावर तोंड लावत नाही, शेळीसुद्धा लांब राहते, त्यामुळं चराऊ रानात बाकीचं सगळं खाल्लं जातं आणि हे एकटं वाढतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ देशभर झाडांची मोजदाद करत होते. जोसेफ हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला खंड 1875 ला पुरा झाला. त्यात हे झाड बाहेरून येऊन इथं रुळलेलं म्हणून नोंदलं आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ छापला, त्यातही ते आहेच. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात ते बांधावर नक्की होतं.

आपल्या लोकांनी मात्र नावातच त्याचा पत्ता लिहून ठेवला. फिरंगी धोतरा, बिलायत. विलायती चिंचेसारखंच हे. बाहेरून आलेल्या वस्तूला फिरंगी नाहीतर विलायती म्हणायचं, झालं. आणि धोतरा का? तर फळ काटेरी, धोतऱ्याच्या बोंडासारखं. पण धोतऱ्याचं कूळ वांग्या-टोमॅटोचं, याचं अफूचं. दोघंही विषारी, एवढंच साम्य. हिंदीत याला सत्यानाशी म्हणतात आणि बंगालीत शियालकांटा, म्हणजे कोल्ह्याचा काटा.

दुसरी चूक जुन्या ग्रंथांतल्या नावांची. चरकसंहितेत स्वर्णक्षीरी नावाची वनस्पती येते. स्वर्णक्षीरी म्हणजे सोन्यासारखं दूध असलेली. पिवळा चीक बघून पुढच्या काळात हे नाव या झाडाला लावलं गेलं आणि आजही जडीबुटीच्या दुकानात याला स्वर्णक्षीरी म्हणून विकतात. जरा विचार करा. चरकाचा ग्रंथ दोन हजार वर्षांच्या घरातला. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये. मेक्सिकोचं झाड चरकाला कुठून दिसणार? ग्रंथातली स्वर्णक्षीरी दुसरी कुठली तरी असणार. नाव जुनं म्हणून झाड जुनं होत नाही.

ब्रह्मदंडीचंही तसंच. आपल्या मराठीत ब्रह्मदंडी म्हणजे मघाशी सांगितलं ते थिसलच्या कुळातलं, अंगानं गुळगुळीत, सह्याद्रीच्या बाजूचं झुडूप. पण तेलुगूत आणि तमिळमध्ये जवळपास हेच नाव पिवळ्या धोतऱ्याचं आहे. सोलापूर, नांदेड म्हणजे सीमेचा मुलुख. इथल्या बाजारात एकानं ब्रह्मदंडी मागितली आणि दुसऱ्यानं आपल्या भाषेतली ब्रह्मदंडी दिली, तर काय होईल? म्हणून म्हणतो, नावावर औषध घेऊ नका. झाड बघा.

झाड कसं बघायचं

खालून वर जाऊ. ही यादी मोबाईलमध्ये ठेवा, रानात उपयोगी पडेल.

मूळ: सोटमूळ. ओल असताना झाड मुळासकट उपटून येतं. वर्षभराचं झाड आहे, दरवर्षी नवं बियापासून येतं. हराळीसारखं खाली पसरत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

खोड: गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, चांगल्या रानात त्याहूनही जास्त. अंगावर निळसर राखी पावडर फासल्यासारखी झाक. विरळ, बारीक, सरळ काटे.

पान: हीच लांबून ओळखायची खूण. देठ नाही. पानाचा बुडखा खोडाला मिठी मारल्यासारखा अर्धा वेढून बसतो. कडा खोल कातरलेल्या, प्रत्येक टोकाला काटा. आणि शिरांवर पांढरा पट्टा, जणू कुणी चुन्याच्या बोटानं रेघा ओढल्या. करडईच्या पानावर असे पांढरे पट्टे नसतात.

कळी: टोकाला दोन-तीन छोटी शिंगं. कळी उमलली की बाहेरची हिरवी दलं गळून पडतात. फुललेल्या फुलाखाली ती दिसणार नाहीत.

फूल: दोन बोटं रुंद, पिवळं, पाकळ्या चार ते सहा, बहुतेक वेळा सहा. वास नाही म्हटलं तरी चालेल. काही ठिकाणी फिकट मलईच्या रंगाचं फूल येणारा याचा सख्खा भाऊ दिसतो. ती वेगळी जात आहे, पण काटे, चीक आणि टाळायचं कारण सारखंच.

बोंड: इंच-दीड इंच लांब, काटेरी, उभं. वाळलं की डोक्याकडून चार-पाच फाका थोड्या उघडतात, पूर्ण फुटत नाहीत. वारा आला की मीठदाणीतून मीठ पडावं तसे दाणे बाहेर पडतात.

चीक: ही शेवटची आणि पक्की परीक्षा. पान मोडा, खोड मोडा, पिवळाजर्द चीक येतो. हळदीच्या पाण्यासारखा. करडई मोडा, उटकटारी मोडा, काटेरिंगणी मोडा, धोतरा मोडा, असा पिवळा चीक कशातही नाही. काटेरिंगणी तर फुलावरूनही कळते, तिचं फूल जांभळं आणि फळ पिवळं गोल. याचं फूल पिवळं आणि फळ काटेरी.

हातमोजा घालून मोडा, किंवा खुरप्यानं चीर द्या. चीक डोळ्याला लागता कामा नये. काही गावांत तो डोळ्यात घालायची जुनी पद्धत आहे. नावाच्या मुळाशीच डोळ्याचं औषध बसलंय, मग लोकांचा विश्वास बसणारच. पण ती पद्धत आता बंद करा. कारण पुढं वाचा.

दाणा: तिसरी चूक

इतका वेळ झाड बघितलं. आता तळहातावर दाणा घ्या. काळपट तपकिरी, गोल, दीड-दोन मिलिमीटरचा. दुसऱ्या हातावर मोहरी घ्या. लांबून दोन्ही सारखे. सगळी गोष्ट इथंच फिरते. काटे, पान, फूल, चीक या सगळ्या खुणा झाडावर असतात. दाणा पोत्यात पडला की झाड मागं राहतं आणि खुणाही मागं राहतात.

1877 मध्ये कलकत्त्यात एक विचित्र आजार पसरला. माणसाचे दोन्ही पाय सुजायचे, कातडी लालसर व्हायची, जुलाब, धाप, आणि काहींचं हृदय थकून मरण. पुढच्या वर्षी तोच आजार मॉरिशसमध्ये, हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांत दिसला. एकाच घरातली सगळी माणसं आजारी पडायची, म्हणून डॉक्टरांना वाटलं साथीचा रोग आहे. कुणी त्याला बेरीबेरी म्हटलं, कुणी खराब तांदळावर संशय घेतला. एका घरातली माणसं एकत्र आजारी पडत होती ती एकमेकांमुळं नव्हे, ती एकाच बुधल्यातलं तेल खात होती म्हणून. पण हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

1926 मध्ये बंगालच्या सरकार नावाच्या डॉक्टरांनी बोट दाखवलं मोहरीच्या तेलाकडं, त्यात मिसळलेल्या या काटेरी झाडाच्या तेलाकडं. 1930 च्या दशकात कलकत्त्यात यावर कसून काम झालं. आर. बी. लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी तेलाचा माग काढला. 1939 मध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी माणसांवरच्या प्रयोगात दाखवून दिलं की हे तेल पोटात गेलं की तीच सूज, तीच लक्षणं येतात. 1948 मध्ये सरकार याच आडनावाच्या दुसऱ्या संशोधकानं तेलातलं विष वेगळं काढून दाखवलं. त्याचं नाव सँग्विनारीन. केशवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. हृदयावर ताण येतो. आणि काही रुग्णांच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. ज्या झाडाला डोळ्याच्या औषधाचं नाव दिलं, त्याच्याच तेलानं डोळे जातात, हे लक्षात आल्यावर नावावरचा माझा विश्वास कायमचा उडाला.

कारण कळलं म्हणून प्रकार थांबला असं झालं नाही. उत्तरेत मोहरी आणि हे झाड एकाच हंगामात पिकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहरी कापणीला येते, त्याच वेळी शेजारच्या काटेरी बोंडातले दाणे तयार. विळ्याखाली दोन्ही आली तर मळणीत दोन्ही एकत्र. सूप दोघांना वेगळं करत नाही आणि चाळणीही करत नाही, कारण आकार सारखा. हे नकळत झालेलं. शिवाय फुकटचं बी गोळा करून मुद्दाम मिसळणारेही होते, कारण यातही भरपूर तेल निघतं.

मग आलं 1998. ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत लोक सुजलेले पाय घेऊन दवाखान्यात यायला लागले. सुमारे 3,000 लोक दाखल झाले आणि 60 हून जास्त दगावले. तेल मोहरीचं, भेसळ याच झाडाच्या तेलाची. घरात रोजच्या भाजीला फोडणी दिली होती त्यांनी, दुसरं काही केलं नव्हतं. तेल कढईत तापलं तरी विष गेलं नव्हतं. शंभर भाग तेलात एक भाग भेसळसुद्धा आजार आणायला पुरते, एवढं ते जहाल. त्याच वर्षी खाद्यतेल बंद पाकिटात, नाव-पत्ता-तारखेसह विकण्याचा केंद्राचा आदेश आला. किराणा दुकानात आज आपण तेलाची पिशवी घेतो त्यामागं या काटेरी झाडाचाही हात आहे, हे फार जणांना माहीत नसतं.

मग आपल्याला काय त्याचं?

बरोबर प्रश्न आहे. आपल्याकडं रोजचं तेल शेंगदाण्याचं, करडईचं, आता सोयाबीन-सूर्यफुलाचं. मोहरी फोडणीला चिमूटभर. म्हणून या आजाराच्या बातम्या आपण बंगाल आणि उत्तरेकडच्याच ऐकल्या.

पण दोन गोष्टी बदलल्यात. एक म्हणजे गव्हात, हरभऱ्यात, पाटाच्या कडेनं मोहरीचे तास टाकायची पद्धत परत वाढते आहे, मावा आणि मधमाशीच्या हिशेबानं. दुसरी म्हणजे लाकडी घाणा. गावोगावी घाणे सुरू झालेत आणि लोक आपल्या रानातला माल घेऊन जातात, तेल घेऊन येतात. गोष्ट चांगलीच आहे, मी स्वतःही करडई घाण्यावरच नेतो. पण पाकिटावरच्या तेलामागं तपासणीची व्यवस्था असते. आपल्या पोत्यामागं फक्त आपण असतो. दिल्लीत जे दुकानदाराच्या पिंपात झालं ते आपल्या पोत्यात होऊ नये, ही जबाबदारी आपलीच.

म्हणून काही साध्या गोष्टी.

मोहरी किंवा कुठलंही तेलाचं पीक कापायच्या आठवडाभर आधी रानातून आणि बांधावरून एक फेरी मारा. पिवळा धोतरा दिसला तर आधी तो काढा, मग विळा लावा. हा क्रम उलटा करू नका.

काढायची खरी वेळ मार्गशीर्ष-पौष, फूल यायच्या आधी. तेव्हा रोप जमिनीलगत असतं, खुरप्यानं मुळासकट निघतं. पेरलेल्या रानात पहिल्या कोळपणीतच बरंच जातं. राहतं ते बांधावरचं आणि पाटाच्या कडेचं, आणि तिथूनच पाण्याबरोबर दाणे परत रानात येतात. त्यामुळं बांध आधी.

बोंडं धरल्यावर उपटलं तर झाड उकिरड्यावर टाकू नका. उपटलेल्या झाडावरही बोंड वाळतं, दाणे सांडतात आणि शेणखतातून सगळ्या रानात जातात. दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पोत्यात भरून एका जागी वाळवा आणि जाळून टाका. जाळताना धुराच्या बाजूला उभं राहू नका.

दाण्यांची शंका आली तर मूठभर पांढऱ्या ताटात पसरा आणि भिंग घ्या, मोबाईलचा कॅमेराही चालतो. मोहरीचा दाणा गोल आणि दिसायला गुळगुळीत. पिवळ्या धोतऱ्याच्या दाण्यावर जाळीसारखे ठळक खड्डे असतात आणि एका बाजूला बारीक कणा, टोकाकडं किंचित निमुळता. एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघितलं की डोळा बसतो. तेलाची शंका आली तर घरी प्रयोग करत बसू नका. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लानं रंग बघून प्राथमिक परीक्षा करतात, तिथं नमुना द्या.

आणि घरात तेल बदलल्यावर एकापेक्षा जास्त माणसांचे पाय सुजायला लागले, तर तेल त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना तेलाबद्दल आवर्जून सांगा. कलकत्त्यातल्या पन्नास वर्षांचा धडा एवढाच आहे की आजारी माणसं बघताना कुणी बुधल्याकडं बघितलं नाही.

मोहरीचे तास टाकलेल्या मंडळींनी कापणीआधी ही नोंद एकदा परत वाचावी. ओळखीत कुणी घाणा चालवत असेल तर त्यांच्यापर्यंतही पोचवा. आणि पुढच्या फेरीत बांधावर काटेरी पान दिसलं, करडई की आणखी काही कळेना, तर एक पान मोडून बघा. हळदीसारखा चीक आला की नाव काहीही असू दे, ते झाड रानात ठेवायचं नाही.